स्पिटफायरचा शिल्पकार

इंग्लंडच्या मध्यभागी स्टॅफर्डशायर नावाचा परगणा आहे. तेथील स्टोक-ऑन-ट्रेंट आणि आसपासची गावे चिनी मातीच्या भांड्यांसाठी जगभर प्रसिद्ध आहेत. शे-सव्वाशे वर्षांपूर्वी या गावांवर भट्ट्यांच्या धुराचे काळे छत्र अहोरात्र पसरलेले असे. निरभ्र आकाश दृष्टीस पडणे हीच तेथील लोकांना अपूर्वाई वाटे. अशा या धुरकट मुलखात, बट लेन नावाच्या लहानशा वस्तीत, २० मे १८९५ रोजी रेजिनल्ड जोसेफ मिचेल याचा जन्म झाला. पाच भावंडांत तो दुसरा. वडील हर्बर्ट मिचेल हे शिक्षक होते. पुढे ते मुख्याध्यापक झाले आणि त्यानंतर छापखान्याच्या व्यवसायात पडले. करड्या शिस्तीचा हा गृहस्थ अंगावर घेतलेले काम अर्धवट सोडणाऱ्याची कधी गय करीत नसे.

रेजिनल्डच्या बालपणी माणूस नुकताच उडावयास शिकत होता. तो आठ वर्षांचा असताना राइट बंधूंनी अमेरिकेत आपले पहिले उड्डाण केले. तो चौदा वर्षांचा झाला तेव्हा ब्लेरिओ या फ्रेंच वैमानिकाने आपल्या नाजूक विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली. या वार्तांनी त्या काळच्या कितीतरी मुलांना वेड लावले होते. रेजिनल्ड आणि त्याचा धाकटा भाऊ लाकडाच्या बारीक पट्ट्यांवर कागद ताणून खेळातली विमाने तयार करीत आणि ती हवेत सोडीत. घरी त्यांनी शर्यतीची कबुतरेही पाळली होती. पाखरू वाऱ्यावर पंख कसे तोलते, वळताना कोणता पंख खाली करते, हे पाहण्याची गोडी त्याला तेव्हापासूनच असावी, असे म्हणण्यास हरकत नाही.

शाळा संपली तेव्हा विमाने बांधण्याचा धंदा म्हणावा असा त्या भागात कोठेच नव्हता. म्हणून १९११ साली, सोळाव्या वर्षी, फेंटन येथील कर स्टुअर्ट या आगगाडीची इंजिने तयार करणाऱ्या कारखान्यात तो उमेदवार म्हणून दाखल झाला. पहिले काही महिने त्याला मुळीच मानवले नाहीत. पहाटे उठावे, तेलाने माखलेले कपडे अंगावर चढवावे, दिवसभर मुकादमाची बोलणी खावी आणि काळवंडलेल्या हातांनी घरी परतावे, असा तो क्रम होता. आपण हे काम सोडून देणार, असे त्याने वडिलांना सांगून पाहिले. वडिलांनी त्याचे म्हणणे ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याला कारखान्यात पाठविले. कारखान्यातील उमेदवारी पुरी झाल्यावर तो आराखडे काढण्याच्या विभागात आला आणि तेथे त्याचे मन रमले. रात्रीच्या वर्गांना जाऊन त्याने यंत्रांचे आरेखन, उच्च गणित व यांत्रिकी हे विषय शिकून घेतले. घरी एक लेथ आणून त्यावर तो तासन् तास खपत बसे. त्याच लेथच्या साह्याने त्याने एक डायनॅमोही तयार केला. विद्यापीठाची पदवी त्याला कधी मिळाली नाही. जे ज्ञान त्याने संपादन केले ते दिवसा लोखंडाच्या संगतीत आणि रात्री वर्गातील फळ्यापुढे.

पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर सैन्यात जाण्याचा त्याने दोनदा प्रयत्न केला. परंतु कुशल तंत्रज्ञाची गरज कारखान्यात अधिक आहे, असे सांगून त्याला परत पाठविण्यात आले. अखेर १९१७ साली दक्षिण किनाऱ्यावरील साउथॅम्प्टन बंदराजवळ, वुल्स्टन येथील सुपरमरीन या कंपनीत एक जागा असल्याचे त्याला समजले. ही कंपनी पाण्यावरून उडणारी विमाने बांधीत असे. तिचा चालक ह्यूबर्ट स्कॉट-पेन याने त्याची मुलाखत घेतली आणि तेथल्या तेथे त्याला आपला साहाय्यक म्हणून नेमले. सामान आणण्यासाठी घरी जाण्यातही मिचेलने वेळ दवडला नाही, माझे सामान पाठवून द्या असे त्याने घरी कळविले, अशी हकीकत सांगतात. १९१८ साली त्याने फ्लॉरेन्स डेसन हिच्याशी विवाह केला. ती एका बालशाळेची मुख्याध्यापिका असून वयाने त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी होती. त्यांना गॉर्डन नावाचा एकच मुलगा झाला. कारखान्यात मिचेलची बढती इतक्या झपाट्याने झाली की, १९१९ साली, अवघ्या चोविसाव्या वर्षी, तो कंपनीचा मुख्य आरेखक झाला. पुढल्याच वर्षी मुख्य अभियंत्याची जबाबदारीही त्याच्यावर आली.

त्या काळी जलविमानांची एक आंतरराष्ट्रीय शर्यत मोठी गाजत असे. जाक श्नायडर या फ्रेंच उद्योगपतीने ठेवलेल्या चषकासाठी ती होई. पाच वर्षांत तीन वेळा ही शर्यत जिंकणाऱ्या देशाकडे तो चषक कायमचा राहावा, असा नियम होता. १९२० व १९२१ या लागोपाठच्या दोन वर्षी इटलीने ती जिंकली होती. १९२२ साली नेपल्स येथे इटली पुन्हा जिंकती तर चषकाचा प्रश्नच मिटला असता. ब्रिटिश सरकार पैसा देण्यास तयार नव्हते. तेव्हा सुपरमरीन कंपनीने स्वतःच्या खर्चाने मिचेलचे सी लायन हे विमान पाठविले आणि हेन्री बिआर्ड या वैमानिकाने ताशी १४५ मैलांहून अधिक सरासरी वेगाने शर्यत जिंकली. मिचेलचे नाव देशाबाहेर प्रथम गेले ते या विजयामुळे.

परंतु पुढल्याच वर्षी अमेरिकेची चपळ विमाने इंग्लंडमध्ये येऊन चषक घेऊन गेली. आपली विमाने म्हणजे पंख बसविलेल्या होड्या आहेत, ही गोष्ट मिचेलला तेव्हा उमगली. जुन्या नमुन्याला ठिगळे लावण्यात आता अर्थ नाही, असे त्याने ठरविले आणि सर्वस्वी नव्या घाटाचे विमान आखले. त्याला एकच पंखजोडी होती. त्या काळी पंख सावरण्यासाठी बाहेरून तारा आणि आधारदांड्या बसविण्याची रीत होती. त्या सर्व त्याने काढून टाकल्या. चाकांऐवजी होडीसारखे लांबट, पोकळ असे दोन तरंगक खाली बसविले. एस. ४ असे नाव असलेले हे विमान पाहणाऱ्याच्या डोळ्यांचे पारणे फेडी. १९२५ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतील बाल्टिमोर येथे शर्यतीपूर्वीच्या चाचणीत ते हेलकावे खाऊन समुद्रात कोसळले. बिआर्ड जखमी झाला, पण त्याचे प्राण वाचले. पंखांत कंप सुटला की वळताना वेग कमी पडला, याचा निर्णय निर्विवादपणे कधीच लागला नाही. मिचेलच्या मनावर मात्र या प्रसंगाचा ठसा कायमचा उमटला. आपण कागदावर मारलेल्या एका रेघेच्या आधाराने दुसरा माणूस आपला जीव हवेत लोटतो, याचे भान त्यानंतर त्याला कधी सुटले नाही. वैमानिक चाचणीसाठी वर गेला म्हणजे तो खाली अस्वस्थपणे उभा राही.

पुढच्या एस. ५ या विमानात त्याने पुन्हा तारांचा आधार घेतला. आपली कल्पना कितीही देखणी असली तरी जेथे खात्री नाही तेथे माघार घ्यावी, हा समजूतदारपणा त्याच्या ठायी होता. १९२७ साली व्हेनिस येथे एस. ५ ने ताशी २८१ मैलांच्या वेगाने शर्यत जिंकली. १९२९ साली एस. ६ ने ३२८ मैलांचा वेग गाठून पुन्हा विजय मिळविला. या दुसऱ्या विमानासाठी रोल्स-रॉइस कंपनीने १९०० अश्वशक्तीचे प्रचंड इंजिन तयार केले होते. ते इतके तापे की, ते थंड ठेवणे हीच मोठी समस्या होऊन बसली. नेहमीचा रेडिएटर बाहेर बसवावा तर वाऱ्याचा अडथळा होऊन वेग घटणार. मिचेलने पंखांचा पत्रा दुहेरी करून त्याच्या पोकळीतून गरम पाणी खेळविले. तेल थंड करण्यासाठी विमानाच्या अंगालगत पन्हळी नेल्या. आणि पुढे तरंगकांचा पृष्ठभागही याच कामी लावला. सारांश, सगळे विमानच एक उडता रेडिएटर होऊन गेले.

तिसऱ्या विजयाची वेळ आली तेव्हा जगात मंदीची लाट होती आणि सरकारने हात आखडता घेतला. त्या वेळी लेडी ह्यूस्टन या धनाढ्य विधवेने एक लाख पौंडांची देणगी दिली. १९३१ च्या सप्टेंबरात एस. ६ बी या विमानाने ताशी ३४० मैलांच्या वेगाने शर्यतीचा मार्ग पुरा केला आणि चषक कायमचा ब्रिटनकडे आला. इटली व फ्रान्स यांची विमाने वेळेवर सज्ज न झाल्याने त्या दिवशी प्रतिस्पर्धी कोणीच नव्हता, हेही येथे सांगितले पाहिजे. परंतु त्याच महिन्याच्या अखेरीस स्टेनफोर्थ या वैमानिकाने त्याच नमुन्याचे विमान ताशी ४०७ मैल, म्हणजे सुमारे ६५५ किलोमीटर वेगाने उडविले. ताशी चारशे मैलांची मर्यादा मानवाने ओलांडण्याची ही पहिलीच वेळ होती. मिचेलला सरकारने सी.बी.ई. हा किताब देऊन गौरविले.

शर्यतीच्या विमानांखेरीज इतरही अनेक विमाने त्याच्या हातून निर्माण झाली. साउथॅम्प्टन नावाच्या त्याच्या चार उडत्या नौका १९२७-२८ साली इंग्लंडहून निघून, भारताच्या किनाऱ्यालगत प्रवास करीत सिंगापूरला आणि तेथून ऑस्ट्रेलिया व हाँगकाँगपर्यंत जाऊन आल्या. सत्तावीस हजार मैलांचा हा प्रवास त्यांनी थव्याने केला. वॉलरस नावाचे त्याचे दुसरे एक विमान जमिनीवरही उतरे आणि पाण्यावरही. ते दिसण्यात बेढब आणि चालीने मंद होते. पण पुढे महायुद्धात समुद्रात पडलेल्या शेकडो वैमानिकांना याच विमानाने उचलून आणले. वेगासाठी नावाजलेल्या माणसाचे हे सावकाश चालणारे अपत्य कित्येकांना सर्वांत प्रिय वाटत असेल, तर त्यात नवल नाही.

त्याची काम करण्याची तऱ्हा निराळी होती. सकाळी तो आराखड्यांच्या दालनात येई, एखाद्याच्या फळ्यावर दोन्ही कोपरे टेकून तळव्यांत हनुवटी धरी आणि त्या आकृतीकडे टक लावून पाहत राही. मग एक-दोन प्रश्न विचारी. कधी पेन्सिल उचलून त्या सुबक आकृतीवर जाड रेघा ओढी आणि काही न बोलता पुढे जाई. बिचाऱ्या आरेखकाचे आठवड्याचे श्रम वाया जात, परंतु रेघा पाहिल्यावर त्या योग्य असल्याची खात्री त्यालाही पटे. मिचेल विचारात गढलेला असताना कोणी दाराशी आले, तर त्याच्या मानेचा रंग लाल होतो की काय, हे पाहून आत जावे की नाही ते ठरवीत. तो तापट होता, तसाच लाजाळूही होता. सभेत बोलण्याचा त्याला मनस्वी कंटाळा असे. हाताखालच्या माणसांचे म्हणणे तो पूर्ण ऐकून घेई आणि निर्णयाचा भार मात्र स्वतः वाही. विमानाविषयी कोणी समजू न शकेल इतके अवघड बोलू लागला, तर त्याला त्यातले काही कळत नाही असे खुशाल समजावे, असा सल्ला त्याने एका तरुण चाचणी-वैमानिकाला दिला होता. १९२८ साली व्हिकर्स या बड्या कंपनीने सुपरमरीन विकत घेतली, तेव्हा मिचेलने पाच वर्षे तेथेच राहिले पाहिजे, अशी अट त्या व्यवहारात घालण्यात आली होती.

यानंतर मात्र त्याच्या वाट्याला मोठे अपयश आले. हवाईदलाला नवे लढाऊ विमान हवे होते. मिचेलने त्यासाठी जे विमान तयार केले त्याचे पंख मोडत्या आकाराचे होते. चाके आत न जाता जाडजूड आवरणात लोंबत राहत. इंजिन थंड करण्यासाठी पाण्याची वाफ करून ती पंखांच्या कडेत पुन्हा पाण्यात आणण्याची योजना होती. वर चढताना ही योजना फसे आणि इंजिन तापल्याची सूचना देणारे तांबडे दिवे वैमानिकापुढे लागू लागत. १९३४ च्या फेब्रुवारीत हे विमान प्रथम उडाले. त्याचा वेग ताशी २३० मैलही भरला नाही. चारशे मैलांचा उच्चांक ज्याच्या विमानाने केला, त्याच्याच हातून असे मंद विमान निघावे, ही गोष्ट सर्वांनाच चमत्कारिक वाटली. सरकारने दुसऱ्या कंपनीच्या विमानाची निवड केली.

या अपयशाच्या काळातच त्याच्यावर दुसरे संकट ओढवले होते. १९३३ च्या ऑगस्टमध्ये त्याला आतड्याचा कर्करोग झाल्याचे आढळले. मोठी शस्त्रक्रिया करावी लागली आणि तिच्यामुळे शरीराच्या नित्य व्यवहारात कायमची, त्रासदायक अडचण निर्माण झाली. रोग पुन्हा उद्भवण्याचा संभव आहे, असे डॉक्टरांनी त्याला स्पष्ट सांगितले होते. चार वर्षे तसे काही न झाले तर भीती बरीच कमी होईल, असाही अंदाज होता. त्याचे वय त्या वेळी अडतीस वर्षांचे होते. नोकरी सोडून विश्रांती घेतली असती तरी कोणी त्याला नावे ठेवली नसती. काही आठवडे समुद्रकाठी राहून तो कामावर परतला. आपल्या दुखण्याची वाच्यता त्याने कार्यालयात केली नाही. पुष्कळ सहकाऱ्यांना तर त्याचा पत्ताही नव्हता. इतकेच नव्हे, तर इतकी वर्षे दुसऱ्यांसाठी विमाने बांधणारा हा माणूस आता स्वतः विमान चालविण्यास शिकू लागला आणि १९३४ च्या जुलैमध्ये त्याने वैमानिकाचा परवाना मिळविला.

फसलेल्या विमानाला डागडुजी करीत बसणे त्याला पसंत नव्हते. त्याने कोरा कागद घेतला. व्हिकर्स व रोल्स-रॉइस या कंपन्यांनी आपल्या जबाबदारीवर हे काम सुरू करविले आणि डिसेंबर १९३४ मध्ये सरकारने नमुना बांधण्यासाठी दहा हजार पौंड दिले. पुढे मर्लिन या नावाने विख्यात झालेले नवे इंजिन त्यासाठी निवडण्यात आले. विमानाचे अंग शक्य तितके निमुळते केले. उड्डाणानंतर चाके पंखांत दडावीत, अशी व्यवस्था केली. पंख तर पूर्वीच्या सर्व विमानांहून वेगळे होते. पंख जितका पातळ तितका वाऱ्याचा विरोध कमी. पण पातळ पंखात चाके व मशीनगन सामावणार कशा? त्याच सुमारास विमानावर चारऐवजी आठ मशीनगन बसविण्याची मागणी आली. बेव्हर्ली शेनस्टोन या कॅनडातून आलेल्या तज्ज्ञाच्या सहकार्याने पंखांना लंबवर्तुळाचा आकार देण्यात आला. या आकारात पंख मुळाशी रुंद राहतो आणि ही रुंदी टोकाकडे जाताना हळूहळू कमी होते. म्हणून पातळ असूनही त्यात जागा मिळते. शिवाय पंखांच्या टोकांशी हवेचे भोवरे उठून जो विरोध होतो, तोही या आकाराने घटतो. लोक आज त्या पंखांच्या सौंदर्याची वाखाणणी करतात. मिचेलला सौंदर्याचे फारसे कौतुक नव्हते. मशीनगन मावल्या म्हणजे झाले, आकार कोणताही चालेल, असे त्याने शेनस्टोनला सांगितले होते.

५ मार्च १९३६ रोजी दुपारी साउथॅम्प्टनजवळच्या ईस्टली येथील विमानतळावर हे विमान प्रथम आकाशात गेले. त्याचा क्रमांक के ५०५४ असा होता आणि वैमानिक होता जोसेफ समर्स. बाजूला उभा राहून मिचेल पाहत होता. उड्डाण सारे आठ मिनिटांचे झाले. खाली उतरल्यावर समर्सने कोणत्याही भागाला हात लावू नका, असे सांगितले. विमान सर्वांगपरिपूर्ण आहे असा त्याच्या बोलण्याचा अर्थ पुढे लोकांनी लावला. वास्तविक पुढील उड्डाणापूर्वी जुळवणी बदलू नये, एवढेच त्याला सुचवावयाचे होते. कारण उणिवा होत्याच. प्रारंभी वेग ताशी ३३५ मैलच भरला आणि मिचेलची काळजी वाढली. पुढचा पंखा बदलल्यावर तो ३४९ मैलांपर्यंत, म्हणजे ५६० किलोमीटरच्या वर गेला. विमानाचा पत्रा ज्या रिव्हेटांनी जोडतात, त्यांची डोकी वर राहिली तर वेग किती घटतो, हे ठरविण्याचा प्रयोग मोठा मौजेचा झाला. सपाट रिव्हेटांवर वाटाण्याची डाळ सरसाने चिकटवून विमान उडविले आणि एकेका भागावरची डाळ काढीत वेग मोजला. कोठे सपाट रिव्हेट अवश्य आहेत आणि कोठे साधे चालतील, हे अशा रीतीने त्या डाळीने सांगितले!

३ जून १९३६ रोजी सरकारने ३१० विमानांची मागणी नोंदविली. विमानाला स्पिटफायर हे नाव कंपनीच्या अध्यक्षांनी दिले. आग ओकणारा असा त्याचा भावार्थ आहे. मिचेलला ते नाव मुळीच आवडले नव्हते आणि तसे त्याने कडक शब्दांत बोलूनही दाखविले.

एवढ्यात रोगाने पुन्हा उचल खाल्ली. १९३६ च्या अखेरीपासून त्याची प्रकृती ढासळू लागली. तरीही एका अजस्र बाँबफेकी विमानाच्या आराखड्यावर तो काम करीतच होता. कार्यालयात जाणे अशक्य झाल्यावर तो मोटारीने ईस्टलीच्या मैदानाकडे जाई आणि गाडीतच बसून स्पिटफायरच्या चाचण्या पाही. विमान वरून सुसाट जाई, वळे, उतरे. मग तो घरी परते. १९३७ च्या एप्रिलमध्ये त्याला विमानाने व्हिएन्ना येथील रुग्णालयात नेण्यात आले. तेथे महिनाभर उपचार झाले, पण उपयोग झाला नाही. मे महिन्याच्या अखेरीस तो घरी परतला आणि ११ जून १९३७ रोजी, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, साउथॅम्प्टन येथे त्याचे निधन झाले. हवाईदलाच्या तुकडीत दाखल झालेले एकही स्पिटफायर त्याला पाहावयास मिळाले नाही. पहिले विमान डक्सफर्ड येथील तुकडीकडे गेले ते ऑगस्ट १९३८ मध्ये.

मागे राहिलेले काम त्याचा सहकारी जोसेफ स्मिथ याने हाती घेतले. ते सोपे नव्हते. लंबवर्तुळाकार पंख कागदावर सुंदर असले तरी कारखान्यात ते घडविणे महाकठीण होते आणि प्रारंभी विमाने फार उशिरा बाहेर पडू लागली. १९४० च्या उन्हाळ्यात जर्मनीच्या विमानांनी ब्रिटनवर चढाई केली तेव्हा मात्र ती पुरेशा संख्येने सज्ज होती. त्या लढाईचे सारे श्रेय स्पिटफायरला देण्याचा प्रघात पडला आहे. तो न्याय्य नाही. शत्रूची अधिक विमाने पाडली ती सिडनी कॅमच्या हरिकेन विमानांनी. परंतु जर्मन लढाऊ विमानांशी बरोबरीने झुंजून त्यांना गुंतवून ठेवण्याचे काम मुख्यतः स्पिटफायरने केले. चिडलेल्या शत्रूने सप्टेंबर १९४० मध्ये वुल्स्टनच्या कारखान्यावर बाँब टाकले. पुष्कळ कामगार मृत्युमुखी पडले आणि मिचेलच्या शेवटच्या बाँबफेकी विमानाचे अपुरे नमुनेही नष्ट झाले. तेव्हा मोटारींच्या दुरुस्तीची दुकाने, धुलाईघरे, बसगाड्यांचे तबेले अशा ठिकाणी काम विखुरण्यात आले आणि गावोगावी स्पिटफायरचे भाग तयार होऊ लागले. युद्धाच्या सर्व काळात, वेळोवेळी सुधारणा होत, वीस हजारांहून अधिक स्पिटफायर बांधली गेली.

भारताशीही या विमानाचा संबंध आला. हैदराबादच्या निजामाच्या देणगीमुळे ब्रिटिश हवाईदलाच्या १५२ क्रमांकाच्या तुकडीला हैदराबादचे नाव मिळाले, तर १२४ क्रमांकाच्या तुकडीला गायकवाडांच्या बडोद्याचे. या दोन्ही तुकड्या स्पिटफायर वापरीत. ब्रह्मदेशातील लढाईत भारतीय वैमानिकांनी ही विमाने चालविली आणि १९४७ साली काश्मीरवर टोळीवाल्यांचे आक्रमण झाले तेव्हा श्रीनगरच्या धावपट्टीवरून स्वतंत्र भारताची स्पिटफायर विमानेही उडाली.

जेट विमानांचा जमाना आल्यावर ही विमाने निरुपयोगी ठरली. कित्येक भंगारात गेली. १९४० साली प्रत्यक्ष लढलेले पी ७३५० हे विमान तर १९४८ साली अवघ्या पंचवीस पौंडांना भंगारवाल्याला विकले होते. त्याचा इतिहास ध्यानात आल्यावर ते संग्रहालयात ठेवण्यात आले आणि १९६८ साली एका चित्रपटाच्या निमित्ताने पुन्हा उडते करण्यात आले. १९५७ साली स्थापन झालेल्या, हवाईदलाच्या स्मारक-तुकडीत ते आजही आहे. हळूहळू जुन्या लढाऊ विमानांचा छंद जडलेले लोक देशोदेशी निर्माण झाले. शेतात गाडलेले सांगाडे, विमानतळाच्या कोपऱ्यात गंजत पडलेली धडे ते शोधून काढीत. १९७० नंतरच्या दशकात भारतातूनही अशी काही विमाने इंग्लंडला गेली. मूळ आराखड्यांवरून एकेक भाग नव्याने घडवून, वर्षानुवर्षे खपून, तंत्रज्ञांनी त्यांतील काही पुन्हा उडण्याजोगी केली. जगात आज पन्नासाहून अधिक स्पिटफायर उडण्याच्या स्थितीत आहेत. मूळ के ५०५४ मात्र उरले नाही. युद्ध सुरू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ४ सप्टेंबर १९३९ रोजी, ते अपघातात मोडले.

मिचेलच्या अस्थी साउथ स्टोनहॅमच्या दफनभूमीत आहेत. ईस्टलीचे ते मैदान, म्हणजे आजचा साउथॅम्प्टन विमानतळ, तेथून अगदी जवळ आहे.